उमाचा चेहरा

१७ फेब्रुवारी १९९४, गुरुवार

आज महिला मंडळाचं हळदीकुंकू झालं. माझं कापड त्यांनी मधोमध लावलं होतं, आई-दादांचं चित्र भरलेलं. मला वाटलं होतं कुठेतरी कोपऱ्यात टांगतील. सगळ्याजणी हात लावून बघत होत्या. केस खरे वाटतात हो, म्हणत होत्या. चेहरे आणि हात तेवढे फॅब्रिक कलरने रंगवलेत. बाकी सगळं धाग्याने भरलंय, आईचं लुगडं, दादांचा कोट, केस, भुवया, चष्म्याची दांडीसुद्धा. आई गेल्यापासून संध्याकाळी दुसरं काही केलंच नाही. शाळेत चित्रकला आणि शिवण शिकवते म्हणून लोकांना वाटतं हे मला आधीपासून येत होतं. नव्हतं येत. नुसत्या रंगाने माणूस चपटा दिसतो, नुसत्या धाग्याने बाहुली होते. दोन्ही एकत्र केलं तेव्हा आई आईसारखी दिसली.

बदलापूरहून आलेल्या एक बाई बराच वेळ कापडासमोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाला असं करून द्याल का? बायको जाऊन दोन वर्षं झाली त्याची. तेरा वर्षांची मुलगी आहे." मी हो म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. परक्या माणसाचा चेहरा मी कधी केलेला नाही.

घरी येऊन वाणात मिळालेल्या वाट्या मांडणीत लावल्या. घरात माणूस एक आणि वाट्या मात्र वाढतच चालल्यात.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या बाईंचे भाऊ आले. श्री. श्यामकांत कर्णिक. आनंदनगरला औषधांच्या एका कारखान्यात अधिकारी आहेत. राहतात बदलापूरला, सोनिवलीच्या बाजूला नव्या इमारती झाल्यात तिथे. कारखान्याला शुक्रवारची सुट्टी म्हणून शुक्रवारी आले, आणि शुक्रवारीच आपल्याकडे लाइट जाते, म्हणून खिडकीपाशी बसलो.

तिघांचं चित्र हवंय. ते, मुलगी वृंदा आणि बायको उमा. स्वतःचा आणि मुलीचा फोटो स्वच्छ आणला होता. बायकोचा म्हणून जो दिला तो कुणाच्या तरी मुंजीतला. मागच्या रांगेत, मान वळवलेली, अर्धा चेहरा पुढच्या बाईच्या अंबाड्याने झाकलेला.

"दुसरा नाही का?"

"आहेत. वृंदाच्या ट्रंकेत. कुलूप लावून ठेवते, कुणाला देत नाही." थोडं थांबून म्हणाले, "मीही फार मागितले नाहीत. राहू दे म्हटलं तिच्याकडे."

"मग मी चेहरा कसा काढू?"

"मी सांगेन ना. पंधरा वर्षांचा संसार झालाय आमचा. मी सांगेन."

चहा केला. दुसरा कप फडताळात मागे गेला होता, तो काढून आधी धुवावा लागला.

३ मार्च, गुरुवार

शाळा सुटल्यावर उल्हासनगरला चंदरशेठच्या दुकानात गेले. पांढरं केसमेंटचं कापड घेतलं, रंगांच्या बाटल्या, रंगात मिसळायचं मीडियम, धाग्याच्या लड्या. चंदरशेठ सिंधी, पण मराठी बोलायची फार हौस. "मॅडम, ह्या वेळी कुणाची फॅमिली? आपली?" म्हणाले. आपली नाही, ऑर्डरची, म्हटलं. "एक ही बात है. बनाते बनाते आपली होऊन जाते," म्हणाले आणि बदामी रंगाच्या तीन छटा काउंटरवर टाकल्या. फार बोलतात.

११ मार्च, शुक्रवार

श्री. कर्णिकांचा आणि वृंदाचा चेहरा पेन्सिलने उतरवला होता तो त्यांना दाखवला. पसंत पडला. मग उमाचा सुरू केला. ते सांगणार आणि मी काढणार असं ठरलं. नाक कसं, विचारलं.

"सरळ. म्हणजे, सरळच."

"लांब? आखूड?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "असंच. मध्यम."

कपाळ? मध्यम. हनुवटी? चांगली होती म्हणाले. तासाभराने कागदावर जी बाई तयार झाली ती बसच्या रांगेत उभी असलेली कुठलीही बाई होती. त्यांना ते कळलं असावं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बोलायची फार. घरभर बोलत फिरायची." मी म्हटलं, बोलणं काढता येत नाही. मग वाटलं, हे उगीच बोलले.

जाताना म्हणाले, "दोन आठवड्यांनी येतो. नीट आठवून येतो."

२० मार्च, रविवार

बाप-लेकीचे चेहरे रंगवून झाले. श्री. कर्णिक हसत नाहीत, पण डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आहेत, म्हणजे पूर्वी हसत असणार. त्या मी बारीक ब्रशने काढल्या. वृंदाला कपाळावर एक कुरळी बट आहे. ती एकपदरी धाग्याने भरेन.

कौसाबाई भाजी घेऊन आली. जांभूळहून येते रोज, आईच्या वेळेपासून. मी अर्धा कोबी मागितला. अर्धा कापून देत नाही, मग कुरकुरत देते, तसं झालं. आज म्हणाली, "गो ताय, सुक्कुरवारचा कोन येतो स्कूटरवर?" काम देणारे आहेत, म्हटलं. "बरा हाय की," ती म्हणाली. "मग आता पुरा कोबी घे."

मी दार लावून घेतलं. काहीही बोलते.

२५ मार्च, शुक्रवार

लाइट नव्हती. आज एक युक्ती केली. त्यांना म्हटलं, शब्दांत सांगू नका, समोर बघून सांगा. म्हणजे माझ्या चेहऱ्यावर दाखवा, उमाचं काय माझ्यासारखं होतं आणि काय वेगळं. ते गोंधळले. मग बघून बघून सांगायला लागले. "भुवया... तुमच्या आहेत ना, तशाच. डोळे थोडे... नाही, असेच. ओठांची ठेवण अशीच काहीतरी." वेगळं काय होतं ते विचारलं, तर नजर माझ्या केसांकडे गेली. मग म्हणाले, "केस मधोमध विंचरायची. तुम्ही कडेला भांग पाडता."

खूप वर्षांत कुणी माझ्याकडे असं बघितलेलं नाही. शाळेत मुली बघतात, पण त्या फळ्याकडे बघतात.

पुरणपोळीचं विचारलं. परवा होळी, तर घरी कोण करणार? म्हणाले, "ताई येणार आहे." बरं झालं. मी एकटीसाठी करत नाही.

१ एप्रिल, शुक्रवार

आले नाहीत. कारखान्यात काही काम निघालं असेल.

८ एप्रिल, शुक्रवार

श्यामकांत आले. गेल्या शुक्रवारी डोंबिवलीला जावं लागलं, ताईबरोबर, म्हणाले. ताईंना डोंबिवलीत काय काम ते मी विचारलं नाही.

उमाच्या चेहऱ्याला पहिला हात दिला होता. पातळ रंग, मीडियम जास्त. त्यांनी कापड हातात धरून खिडकीच्या उजेडात नेलं. मग म्हणाले, "जवळ आलंय. फार जवळ आलंय." मी आत जाऊन पाणी आणलं.

जाताना जिन्यात थांबले. "एक विचारू का? चाळिशीच्या बाईला कुठला रंग शोभतो? साडीचा."

मी म्हटलं, माणसावर असतं.

"समजा, सावळी, शांत. शिकलेली."

"मोरपंखी," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. माझ्याकडे मोरपंखी साडी एकही नाही.

"आणि चांगल्या साड्या उल्हासनगरला मिळतात ना?"

मिळतात म्हटलं. दुकानही सांगितलं. दार लावल्यावर किती वेळ दाराशीच उभी होते.

१४ एप्रिल, गुरुवार

सुट्टी. सकाळपासून चेहऱ्याला बसले. आज तो आपोआप आला. हाताला माहीत होतं कुठे सावली, कुठे उजेड. जेवणसुद्धा केलं नाही. संध्याकाळी कापड उलटं करून मागून इस्त्री फिरवली. इस्त्री फिरवली की रंग पक्का होतो, मग कितीही धुवा, जात नाही. धाग्याचं बरं असतं, चुकलं तर उसवता येतं. म्हणून इस्त्री फिरवताना दरवेळी माझा हात थोडा थांबतो. आज थांबला नाही.

तीन माणसं झाली. डावीकडे ते, मध्ये वृंदा, उजवीकडे ती.

१६ एप्रिल, शनिवार

साडीसाठी धागा हवा होता म्हणून कापड गुंडाळून चंदरशेठकडे नेलं. शेड चेहऱ्याशी लावून बघावी लागते. त्यांनी कापड उलगडलं, चष्मा वर केला. "मॅडम, ही आपली बहीण?"

"नाही हो. ऑर्डरचं आहे ते."

"अच्छा," म्हणाले. एकदा कापडाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढे काही बोलले नाहीत. चंदरशेठ गप्प बसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

मोरपंखीच घेतला. उमाची आवड श्यामकांतांना आठवत नव्हती, मग माझ्या मनाने घेतला तर काय बिघडलं?

२९ एप्रिल, शुक्रवार

शाळेला सुट्टी लागली. साडी अर्धी भरून झाली. पदर लांब-आखूड टाक्याने, काठ साखळी टाक्याने, गळ्यातलं बारीक गाठींनी. केस मधोमध विंचरलेले.

ते आले आणि नेहमीपेक्षा जास्त बसले. भजी केली होती. खाताना म्हणाले, "जूनच्या आत व्हायला हवं हे. नंतर घरात गडबड असेल." कसली ते बोलले नाहीत, पण हसले, आणि डोळ्यांच्या कडेच्या त्या सुरकुत्या अगदी माझ्या चित्रातल्यासारख्या झाल्या. "वृंदाला अजून धड सांगितलेलं नाही. ती तयार व्हायला पाहिजे. पुढच्या वेळी तिला घेऊन येतो. तुम्ही तिला आवडाल."

हे मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय. तुम्ही तिला आवडाल.

नाशिकला हेमचंद्रला फोन करावासा वाटला. थोरला भाऊ म्हणून तो काय म्हणेल? पण सांगायचं तरी काय? अजून काहीच नाही. शेजारच्या फोनवरून असलं बोलताही येत नाही. आईशी बोलले असते.

४ मे, बुधवार

पडदे धुतले. मांडणीतल्या वाट्या घासल्या. मुलीला काय आवडतं ते विचारायला विसरले, म्हणून शंकरपाळे केले. शंकरपाळे सगळ्यांना आवडतात.

६ मे, शुक्रवार

आली. उंच आहे, बापाच्या खांद्याला लागते. फ्रॉक आता तिला शोभत नाही, पण दुसरं कुणी घेऊन दिलं नसावं. हातात शंकरपाळ्याची बशी घेतली आणि खाल्लं काहीच नाही. मी कापड पलंगावर पसरलं.

तिने बघितलं. वाकून बघितलं. मग सरळ उभी राहिली.

"ही आई नाहीये."

श्यामकांत म्हणाले, "अगं, नीट बघ. केस बघ..."

"ही आई नाहीये, बाबा. ह्या बाई आहेत."

तिने बोट दाखवलं नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. त्यांनी कापडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत कापडाकडे, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. "मला कसं दिसलं नाही," असं काहीतरी पुटपुटले. वृंदा रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आपण जाऊ या ना." ते गेले. बशी टेबलावर तशीच होती.

७ मे, शनिवार

तिचं खरं आहे. माझेच डोळे, माझंच नाक. भांग तेवढा उमाचा. रोज आरशात बघून वेणी घालते मी, तरी मला दिसलं नाही. त्या मुलीच्या शेजारी मी तिच्या आईच्या जागी उभी राहिलेय, मोरपंखी साडी नेसून. तेही तिला न विचारता.

मुद्दाम केलं का? नाही केलं. पण हाताला माहीत होतं, असं मीच वर लिहिलंय.

१३ मे, शुक्रवार

येतील असं वाटलं नव्हतं. आले, उभेच राहिले. बसा म्हटलं तेव्हा बसले.

"चूक माझी आहे, बाई. मला तिचा चेहरा आठवत नाही." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "डोळे मिटले की तिचं बोलणं ऐकू येतं. जिन्यातली चप्पल ऐकू येते. चेहरा येत नाही. कधी गेला तेही कळलं नाही. तुमच्याकडे बघून सांगत गेलो आणि मलाच खरं वाटायला लागलं."

मी कापडाची घडी घातली.

"आणखी एक. आधीच सांगायला हवं होतं, पण तुमच्याशी तसा काही संबंध नव्हता म्हणून... बारा जूनला माझं लग्न आहे. डोंबिवलीच्या आहेत. सरस्वती नाव. ताईने जमवलंय. त्या घरात यायच्या आधी वृंदाकडे तिच्या आईचं काहीतरी असावं, एवढाच हेतू होता ह्या सगळ्याचा."

"अभिनंदन," मी म्हटलं. मग म्हटलं, "साडी आवडली का त्यांना?"

"हो. मोरपंखी. फार आवडली." मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं, कारण ते एकदम उठले. "आता चित्राचं राहू द्या."

मी दुसरं करून देते म्हटलं. नको म्हणाले. दोनदा म्हणाले.

कापड माझ्याकडेच ठेवून गेले. स्कूटरचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. तुमच्याशी तसा काही संबंध नव्हता, हे बरोबरच आहे. मी कोण?

१७ मे, मंगळवार

कौसाबाईने आपणहून अर्धा कोबी कापून दिला. काही विचारलं नाही.

२४ मे, मंगळवार

दुपारी दार वाजलं. वृंदा. एकटी. पाठीवर शाळेचं दप्तर. उन्हाने लाल झाली होती.

"बाबांना माहीत आहे?"

"नाही. कामाला येतात त्या चांगुणामावशींना सांगून आलेय."

पाणी दिलं. दोन पेले प्यायली. दप्तरातून एक पिशवी काढली, पिशवीतून तिच्या आईच्या जुन्या परकराचं गाठोडं, आणि त्यातून फोटो. सगळे. माझ्या पलंगावर एकेक करून मांडले.

"त्या दिवशी बाबा घरी जाऊन रडले. आत्याला म्हणाले, मला उमा दिसतच नाही. मला त्यांचा राग आला. मग रात्री मी फोटो काढून बघितले, तर प्रत्येकात आई वेगळीच दिसते. ह्यात बारीक आहे, ह्यात सुजल्यासारखी. ह्यात तर कोण ती असं वाटतं." तिने हातातला फोटो पालथा ठेवला. "बाई, मी पण विसरायला लागलेय का?"

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी घेतलं नाही. एकदा तिच्या आईच्या जागी उभी राहून झालं होतं.

"फोटो बाजूला ठेव," मी म्हटलं. "आई काय काय करायची ते सांग."

"हसायची."

"कशी?"

"तोंडावर हात ठेवून. दात पुढे होते ना. म्हणून फोटोत सगळीकडे तोंड मिटलेलं. पण घरात आम्ही तिघंच असलो ना, की हात नाही ठेवायची."

सगळ्या फोटोंत तोंड खरंच मिटलेलं. म्हणून कुठल्याच फोटोत ती तिची आई नव्हती.

"तसं काढा," वृंदा म्हणाली. "दात दिसू देत."

"तिला चालेल?"

तिने विचार केला. "आमच्या घरातच लावायचंय ना. चालेल."

संध्याकाळी तिला मी स्वतः बदलापूरला पोचवून आले. इमारतीच्या खालूनच परतले.

३० मे, सोमवार

वृंदा आता रोज येते, घरी सांगून. आम्ही तेरा-चौदा वेळा कागदावर काढलं. ती सांगते, "हे नाही. गाल वर जायचे, डोळे बारीक व्हायचे. हां, हे थोडं." तिला सगळं आठवतं. उमा दूध हमखास उतू घालवायची. वरणात गूळ जास्त पडायचा. वेणी घालताना बोलत सुटायची, त्यामुळे वेणी सैल राहायची. एकदा शेजारणीशी बोलत बोलत दुसऱ्याच्याच घरात शिरून ओटा पुसायला लागली होती. हे सांगताना वृंदा स्वतःच हसायला लागली. मी बघितलं, गाल वर गेले, डोळे बारीक झाले. काही न बोलता पेन्सिल घेतली.

नव्या कापडावर आता उमा एकटीच. दातांना रंग लावायचा नाही. रंग लावला की खोटे दिसतात. कापड तसंच पांढरं ठेवायचं आणि भोवतीने ओठ आणायचे. कालचा सगळा दिवस त्यात गेला. आज इस्त्री फिरवायच्या आधी तिला विचारलं. "फिरवा," म्हणाली. तेव्हाच फिरवली.

साडी तिने सांगितली तीच, लिंबाच्या रंगाची, घरातली. दांडी टाका शिकून केसांच्या बटा तिने स्वतः भरल्या. टाके वेडेवाकडे आहेत. एकही उसवला नाही.

शंकरपाळ्यांचा डबा संपला.

१२ जून, रविवार

आज त्यांच्याकडे लग्न. पत्रिका आली होती. गेले नाही. डोकं दुखत नव्हतं, पण दुखतंय असं कळवलं.

पहिलं कापड कपाटातून काढून बघितलं. मोरपंखी धागा उसवायला घेतला आणि सोडून दिला. धागा उसवला तरी चेहरा राहणारच. टाकून देववत नाही. त्यात श्री. कर्णिक छान आलेत, वृंदा छान आलीय. आणि मी आहे. माझ्या शेजारी कुणी आपलं माणूस म्हणून उभं आहे असं चित्र जगात हे एकच असेल. घडी घालून आईच्या लुगड्यांखाली ठेवलं.

दिवसभर रेडिओ लावून ठेवला होता. काय लागलं होतं ते सांगता येणार नाही.

१ जुलै, शुक्रवार

फ्रेम करून झाली. शाळा सुटल्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बदलापूरला घेऊन गेले. नुसतं दाराशी देऊन यायचं असं ठरवलं होतं. दार सरस्वतींनी उघडलं. सावळ्या, शांत, माझ्याच वयाच्या. "या, या, तुमच्याबद्दल वृंदाकडून ऐकलंय," म्हणाल्या, पण काय ऐकलंय ते त्यांना स्वतःलाच ठाऊक नसावं असा चेहरा होता.

वृंदाने प्लॅस्टिक सोडवलं. श्री. कर्णिक खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली.

पेपर खाली ठेवून उठले. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला, रडू की हसू ते कळेना. आणि मग ते खरोखर हसायला लागले. "हीच," म्हणाले. "अगं, हीच ती. दूध गेलं वाटतं उतू!" वृंदाही हसायला लागली. दोघं चित्रासमोर उभं राहून हसत होते, डोळे पुसत होते आणि एकमेकांना काहीबाही आठवण करून देत होते. मला काही कोणी विसरलं नाही. बसा ना बाई, असं ते दोनदा म्हणालेही.

"हॉलमध्येच लावा," सरस्वती म्हणाल्या. "समोरच्या भिंतीवर. तिथे उजेड आहे." आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या.

थोड्या वेळाने मी आत गेले. त्या ओट्याशी उभ्या होत्या. गॅस पेटवलेला नव्हता.

"फार हसरी होती ना हो," त्या म्हणाल्या. "मला एवढं हसता येत नाही." मग गॅस पेटवला, आधण ठेवलं. "तुम्ही भेटला होतात त्यांना?"

"नाही."

"मग इतकं हुबेहूब?"

"वृंदाने सांगितलं."

"मला नाही काही सांगत. नावही नाही काढत. मी खोलीत गेले की ट्रंकेवर जाऊन बसते." साखरेचा डबा उघडून त्या तशाच थांबल्या. "इतकी वर्षं भावाच्या घरी काढली. एका कोपऱ्यात. वाटलं होतं, आता..." पुढचं बोलल्या नाहीत. बाहेर हसणं चालूच होतं.

मला त्यांचा राग यायला हवा होता. राग धरूनच घरून निघाले होते. त्यांची साडी बघायची नाही असंही ठरवलं होतं. त्या साध्या सुती साडीत होत्या, पदर खोचलेला, आणि परक्या स्वयंपाकघरात चहाची गाळणी शोधत होत्या.

मग मी त्यांना उमा सांगितली. दुधाची, गुळाची, दुसऱ्याच्या घरातला ओटा पुसल्याची. हे सगळं वृंदाने फक्त मला सांगितलं होतं. महिनाभर ते माझ्यापाशी होतं आणि संध्याकाळी त्याची सोबत व्हायची. सगळं सांगून टाकलं. त्या आधी नुसत्या ऐकत होत्या, मग मध्येमध्ये विचारायला लागल्या.

"वेणी सैल घालायच्या?"

"हो. घट्ट घातली की वृंदाचं डोकं दुखतं."

सरस्वतींनी माझ्याकडे बघितलं. "मी रोज घट्ट घालते. चापून. शाळेत नीट दिसावी म्हणून." त्यांचा आवाज बारीक झाला. "ती एकदाही काही बोलली नाही हो मला."

चहा उकळला. त्यांनी चार कप भरले. एक ओट्यावर माझ्यासाठी ठेवला, तीन ट्रेमध्ये घेतले आणि बाहेर गेल्या. मी आतच थांबले. बाहेरचं हसणं थांबलं. कपबशा ठेवल्याचा आवाज आला. मग सरस्वती म्हणाल्या, "वृंदा, इकडे बस बरं जरा. वेणी सैल करून देते."

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग फरशीवरून स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

मी माझा चहा ओट्याशीच उभी राहून प्यायले. कप विसळून पालथा घातला, आणि मग बाहेर गेले.